'अस्पष्ट'ला इंग्रजीत नेमका कोणता शब्द? बोलणं, दिसणं आणि ऐकू येणं

सानुनासिक
मराठीत 'अस्पष्ट' हा शब्द फार कामाचा आहे. आवाज अस्पष्ट, अक्षर अस्पष्ट, फोटो अस्पष्ट, उच्चार अस्पष्ट, करारातलं कलमही अस्पष्ट. त्याच सवयीने इंग्रजी लिहिताना सगळीकडे 'अनक्लिअर' टाकला जातो. व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण बिघाड कुठे आहे हे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही. 'द रेकॉर्डिंग इज अनक्लिअर' म्हणजे आवाज बारीक होता, खरखर होती, दोघं एकदम बोलत होते, की बोलण्याला अर्थच नव्हता? इंग्रजीत या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे.

शब्द निवडताना चार प्रश्न ओळीने विचारले की बराच गुंता सुटतो.

पोचलं का? नसेल तर 'इनऑडिबल' किंवा 'इनव्हिजिबल'. कानाला किंवा डोळ्याला काही मिळालंच नाही.

पोचलं, पण आकार ओळखता आला का? नसेल तर लिखाणाला 'इलेजिबल', चित्राला 'ब्लर्ड', दबलेल्या आवाजाला 'मफल्ड', जड जिभेच्या उच्चाराला 'स्लर्ड'. कानाला आणि डोळ्याला दोन्हीकडे चालणारा शब्द हवा असेल तर 'इनडिस्टिंक्ट'.

शब्द ओळखता आले, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसला का? नसेल तर 'इनकोहेरंट'. आपल्याकडचा 'असंबद्ध' याला अगदी चपखल बसतो.

अर्थ लागला, पण एकच लागला का? दोन लागले तर 'अँबिग्युअस', कुठलाच धड पकडता आला नाही तर 'व्हेग'.

'अनइन्टेलिजिबल' हा शब्द दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या मध्ये बसतो. आवाज पुरेसा आहे, पण त्यातून शब्द निघत नाहीत, किंवा शब्द निघाले तरी समजत नाहीत. 'इनऑडिबल' आणि 'अनइन्टेलिजिबल' यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

ज्यांना आपापल्या क्षेत्रातले नेमके शब्द माहीत आहेत त्यांनी भर घालावी.

लेखणीबहाद्दर
शेवटचा मुद्दा ध्वनिमुद्रण ऐकून टंकन करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. मजकुरात चौकटी कंसात खूण टाकताना साधारण हे भेद पाळतात.

आवाज इतका बारीक की कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं: इनऑडिबल.
आवाजाची पातळी ठीक, पण शब्द फुटत नाही: अनइन्टेलिजिबल.
दोन किंवा जास्त माणसं एकमेकांवर बोलताहेत: क्रॉसटॉक.
मागे गर्दी बोलतेय आणि त्यातलं काही ऐकू यावं अशी अपेक्षाच नाही: इनडिस्टिंक्ट चॅटर. ही खूण मुख्यतः उपशीर्षकांत दिसते.

खुणेसोबत वेळ लिहायची, म्हणजे तपासणाऱ्याला पूर्ण फीत ऐकावी लागत नाही. आणि खूण टाकण्याआधी इतकं तरी करावं: हेडफोन लावून ऐकायचं, वेग ०.७५ वर आणायचा (०.५ वर व्यंजनं ताणली जाऊन उलट ओळखू येत नाहीत), १०० हर्ट्झच्या खालची घरघर कापायची आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचलायचा. व्यंजनांची ओळख बरीचशी तिथे असते. मग तीन-चार सेकंद मागे जाऊन पूर्ण वाक्याच्या ओघात ऐकायचं. एकच शब्द तोडून पुन्हापुन्हा ऐकला की कान कल्पना करायला लागतो आणि नसलेला शब्द 'ऐकू' येतो.

आवाज वाढवल्यावर शब्द कळला तर अडचण 'इनऑडिबल'ची होती. आवाज वाढला आणि गोंगाटच मोठा झाला तर 'अनइन्टेलिजिबल' लिहा. ही कसोटी सहसा फसत नाही.

चुकीचं ऐकलं जाणं याला 'मिसहिअर' म्हणतात. गाण्याची ओळ चुकीची ऐकून त्यातून भलताच, पण अर्थ असलेला शब्द तयार झाला तर त्याला 'मॉन्डग्रीन' असं खास नाव आहे. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली ते रूढ केलं.

कुतूहल
'इलेजिबल' आणि 'अनरीडेबल' यांत फरक आहे का? शब्दकोशात दोन्हींना 'वाचता न येण्याजोगं' असंच दिलंय.

खिळाजुळारी
आहे, आणि अक्षरजुळणीत तो काटेकोरपणे पाळतात. 'लेजिबिलिटी' म्हणजे एकेक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येणं. 'रीडेबिलिटी' म्हणजे सलग मजकूर न दमता वाचता येणं. काही टंकांत मोठा 'आय', छोटा 'एल' आणि आकडा १ हुबेहूब सारखे दिसतात. तिथे लेजिबिलिटी कमी. उलट अक्षरं ठसठशीत, पण ओळ शंभर-सव्वाशे अक्षरांची आणि दोन ओळींत श्वास घ्यायला जागा नाही, तर लेजिबिलिटी आहे पण रीडेबिलिटी नाही. इंग्रजी मजकुराला एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरं सोयीची मानतात.

लेजिबिलिटी बिघडण्याची कारणंही वेगवेगळ्या शब्दांनी सांगतात. शाई ओली असताना हात लागून पसरली तर 'स्मज्ड', उन्हाने किंवा काळाने उडाली तर 'फेडेड', कागदाने शाई शोषून कडा फुटल्या तर 'ब्लीड'. गिचमिड अक्षराला 'स्क्रॉल' म्हणतात. तो शब्द उच्चारायला पडदा सरकवण्याच्या 'स्क्रोल'च्या जवळचा आहे, पण स्पेलिंग आणि अर्थ दोन्ही निराळे.

रोजच्या वापरात 'अनरीडेबल'चे आणखी दोन अर्थ आहेत. पुस्तकाला 'अनरीडेबल' म्हटलं की छपाई उत्तम असते, लिहिणंच असह्य असतं. संगणक 'फाइल अनरीडेबल' म्हणतो तेव्हा डोळ्यांचा संबंधच नसतो, यंत्राला ती उघडता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. हस्ताक्षराबद्दल बोलायचं असेल तर 'इलेजिबल'च वापरा.

आणि सांभाळा: 'एलिजिबल' म्हणजे पात्र. 'युअर फॉर्म इज इलेजिबल' आणि 'यू आर एलिजिबल' हे ऐकताना इतके जवळ येतात की फोनवर सांगायचं असेल तर 'आय कान्ट रीड युअर हँडरायटिंग' हे साधं वाक्य बरं.

पडजीभ
उच्चाराच्या बाजूने लिहिते. मराठी माणसाला यातले बरेच शब्द 'पुटपुटणं' या एकाच खुंटीला टांगायची सवय असते, पण त्यांत मोठा फरक आहे.

'मंबल' म्हणजे ओठ पुरेसे न उघडता बोलणं. दोष तोंडाच्या हालचालीचा. 'मटर' म्हणजे स्वतःशी, बहुधा नाराजीने, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटणं. म्हणजे मंबल सवयीने होतं, मटर हेतूने. 'मर्मर' मात्र सौम्य आहे. हळू, सलग, एका सुरात. प्रेमळ बोलण्याला चालतो, गर्दीच्या दबक्या आवाजाला चालतो, झऱ्यालाही चालतो. वैद्यकात हृदयाच्या ठोक्यांमध्ये ऐकू येणाऱ्या जादा फुसफुशीला 'हार्ट मर्मर' म्हणतात, तिथे तक्रारीचा भाव मुळीच नाही.

'व्हिस्पर'ला कुजबुज म्हणा, 'मर्मर'ला नको. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा घासत जाते. त्यामुळेच कुजबुजीत 'ब' आणि 'प', 'द' आणि 'त' यांतला भेद पुसट होतो. मर्मर करताना स्वरतंतू थरथरत असतात.

'स्टॅमर' आणि 'स्टटर' एकच. ब्रिटिश इंग्रजीत पहिला जास्त, अमेरिकन इंग्रजीत दुसरा. मराठी 'तोतरं बोलणं'. 'लिस्प' म्हणजे 'स'च्या जागी जीभ दातांमध्ये येऊन 'थ'सारखा उच्चार होणं. लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला 'लिस्प' म्हणू नये, कारण बोबडेपणात अनेक अक्षरं बदलतात आणि लिस्पमध्ये मुख्यतः 'स' आणि 'झ'. 'ड्रॉल' म्हणजे स्वर लांबवत संथ बोलणं. त्यात शब्द कळतात, म्हणून ते अस्पष्टतेत मोडत नाही. 'गॅबल' उलट, इतक्या भराभर की शब्द एकमेकांवर चढतात.

'स्लर' हा शब्द जपून वापरा. एका अक्षराचा शेवट दुसऱ्यात वाहत जाणं म्हणजे स्लर. दारूच्या नशेत होतं, दाताला भूल दिल्यावर होतं आणि पक्षाघातातही होतं. पक्षाघात ओळखायच्या 'फास्ट' या खुणेत चेहरा, हात, बोलणं आणि वेळ या चार गोष्टी आहेत, त्यातल्या 'स्पीच'खाली बघायची मुख्य खूण हीच. वैद्यकीय टिपण अनुवादताना 'स्लर्ड स्पीच'चं 'पुटपुटतो' असं केलं तर लक्षण हरवतं. 'जीभ जड झाली आहे, उच्चार लडबडतात' असं लिहावं.

त्याच टिपणांत आणखी तीन शब्द येतात आणि तिघांनाही 'बोलण्यात दोष' म्हटलं जातं. 'डिस्फोनिया' म्हणजे आवाजाचा दोष: घोगरा, बसलेला, फुटलेला. 'डिसार्थ्रिया' म्हणजे स्नायूंवर ताबा कमी पडून उच्चार बिघडणं. 'अफेझिया' म्हणजे भाषेचाच बिघाड. शब्द सापडत नाहीत, किंवा समजत नाहीत. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात समजतं, पण बोलणं तुटक, कष्टाचं. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडलेल्या प्रकारात बोलणं ओघवतं असतं आणि त्याला अर्थ नसतो. धाग्याच्या पहिल्या चार प्रश्नांत बसवायचं तर डिसार्थ्रिया दुसऱ्यावर अडतो, व्हेर्निके तिसऱ्यावर.

सानुनासिक
हे उत्तम उदाहरण आहे. 'फ्लुएंट' म्हणजे स्पष्ट, हा समज त्याने मोडतो. 'फ्लुएंट'च्या मुळाशी लॅटिनमधला 'वाहणे' आहे. ओघ आहे एवढंच तो सांगतो.

शब्दवेधी
ओघाचा विषय निघाला आहे तर चांगल्या बाजूचे शब्दही वेगळे करून टाकू, तिथेही तितकाच गोंधळ असतो.

'आर्टिक्युलेट'च्या मुळाशी लॅटिन 'आर्टिक्युलस', म्हणजे लहान सांधा. वैद्यकात हाडांच्या सांध्याला आजही 'आर्टिक्युलेशन' म्हणतात. बोलणं सांध्या-सांध्याने सुटं करून मांडणं, हा मूळ अर्थ. उच्चारात एक खुबी आहे: क्रियापद असेल तर शेवट 'लेट', विशेषण असेल तर 'लट'. 'शी इज व्हेरी आर्टिक्युलट', पण 'ट्राय टु आर्टिक्युलेट युअर थॉट्स'. उलट शब्द 'इनआर्टिक्युलट'. तो माणसाला लावतात, ध्वनिमुद्रणाला नाही. मनातलं शब्दांत उतरत नाही असा माणूस.

'ल्यूसिड'चं मूळ प्रकाशात आहे. लेखन, स्पष्टीकरण, विचार यांना लागतो. भ्रमाच्या अवस्थेतल्या रुग्णाला मधूनच शुद्ध येते त्या अवधीला 'ल्यूसिड इंटर्व्हल' म्हणतात, म्हणजे इथे बोलण्यापेक्षा मनच स्वच्छ झालेलं असतं. 'एलक्वंट' म्हणजे मनाला हलवणारं बोलणं. सूचनापत्रकाला 'एलक्वंट' म्हणत नाहीत, त्याला 'क्लिअर' किंवा 'ल्यूसिड' पुरे. 'ग्लिब' वरवर कौतुकाचा वाटतो आणि असतो दूषणाचा: जीभ सुरळीत, पण बोलण्यात खोली किंवा प्रामाणिकपणा नाही.

'प्रनाउन्स' आणि 'इनन्सिएट' हेही वेगळे. प्रनाउन्स म्हणजे शब्दाचा उच्चार बरोबर करणं, इनन्सिएट म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत काढणं. एखादा शब्द चुकीचा पण अगदी खणखणीत उच्चारता येतो. म्हणजे तो 'मिसप्रनाउन्स' झाला तरी 'इनन्सिएशन' चांगलंच होतं.

आपला 'स्पष्ट' शब्द कानाचा नाही, डोळ्याचा आहे, हे जाता जाता. संस्कृत 'स्पश्' म्हणजे पाहणे. हेराला 'स्पश' म्हणत ते त्यावरूनच. लॅटिनमधला 'पाहणे' याच घराण्यातला, ज्यातून इंग्रजीत 'स्पेक्टॅकल', 'इन्स्पेक्ट' आले. 'क्लिअर'चा लॅटिन पूर्वज 'क्लारुस' मात्र उजेडालाही लावत आणि खड्या आवाजालाही. 'क्लॅरिनेट' वाद्याचं नाव त्याच कुळातलं. कधी कधी शब्दांचा प्रवास अगदी उलटा होतो. 'गार्बल' अरबीतून आला, तिथे चाळणीने चाळणं असा अर्थ. मसाल्यातला कचरा चाळून काढणं म्हणजे गार्बल. मग सोयीचं तेवढं निवडणं, आणि आता मजकुराची मोडतोड. 'गार्बल्ड मेसेज' म्हणजे वाटेत उलटसुलट झालेला निरोप. निरोप मुळात नीट होता हे त्यात गृहीत आहे. मुळातच विस्कळीत असेल तर 'इनकोहेरंट' म्हणावं.

बिनतारी
रेडिओवर या शब्दांना अंकच दिलेले आहेत, म्हणून तिथे वाद होत नाही. विमान वाहतुकीत चाचणीच्या वेळी 'रीडेबिलिटी' १ ते ५ सांगतात. १ अनरीडेबल, २ मधूनमधून कळतं, ३ कळतं पण कष्टाने, ४ कळतं, ५ पूर्ण कळतं. उत्तर 'रीडिंग यू फाइव्ह'. खिळाजुळारींनी सांगितलेल्या अर्थाच्या पलीकडे इथे 'रीड' म्हणजे ऐकून समजणं, हे लक्षात घ्या. हौशी रेडिओत तीन आकडे असतात: रीडेबिलिटी १ ते ५, सिग्नलचा जोर १ ते ९, आणि मोर्सच्या सुराची शुद्धता १ ते ९. बोलण्याच्या संपर्कात तिसरा गाळतात, म्हणून सर्वोत्तम अहवाल 'फाइव्ह नाइन'. 'लाउड' आणि 'क्लिअर' या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्या दोन आकड्यांतून छान कळतं. जोर ९ आणि रीडेबिलिटी २ असू शकते, शेजारच्या केंद्राचा उपद्रव असेल तर.

पुन्हा सांगा म्हणायला 'से अगेन' म्हणतात. 'रिपीट' टाळतात, कारण लष्करी तोफखान्यात 'रिपीट' म्हणजे त्याच लक्ष्यावर पुन्हा मारा करा.

अक्षरं कळावीत म्हणून 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही वर्णमाला १९५६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत लागू आहे. अधिकृत लेखनात 'अल्फा' 'एफ'ने लिहितात आणि 'ज्युलिएट'च्या शेवटी दोन 'टी' असतात, म्हणजे कुठल्याही भाषेच्या माणसाने उच्चार चुकवू नये. ९ चा उच्चार 'नाइनर', कारण साधा 'नाइन' आणि 'फाइव्ह' गोंगाटात सारखेच वाटतात. ५ चा 'फाइफ'.

ध्वनिरेखा
टेलिफोनवर हे का होतं त्याचं कारणही सांगते. जुन्या टेलिफोनच्या वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'एस' आणि 'एफ' यांना वेगळं करणारी ऊर्जा बरीचशी त्याच्या वर असते. ती कापली गेली की आवाज मोठा असूनही 'एस' की 'एफ' ते कळत नाही. म्हणजे पुन्हा लाउड आहे, क्लिअर नाही.

आता आवाजाचे शब्द. 'मफल्ड' म्हणजे वरच्या कंपनसंख्या गेल्यात: भिंतीपलीकडचा, तोंडावर रुमाल धरलेला, मायक्रोफोनवर बोट आलेला. 'टिनी' याच्या उलट, खालचा भरणा गेला, छोट्या स्पीकरमधला चिरका आवाज. याचं स्पेलिंग 'टिन' धातूवरून, लहान अशा अर्थाचा 'टाइनी' निराळा. 'हॉलो' म्हणजे रिकाम्या खोलीतला, मडक्यात बोलल्यासारखा. 'डिस्टॉर्टेड' म्हणजे लहरीचा आकार बिघडला, बहुधा मायक्रोफोनला झेपेल त्यापेक्षा मोठ्याने बोलल्यामुळे. 'चॉपी' म्हणजे मधले तुकडे गायब, नेटवरच्या संभाषणात माहितीची पाकिटं पोचली नाहीत की होतं.

'इको' आणि 'रिव्हर्ब' एकच समजू नका. इको म्हणजे वेगळा ऐकू येणारा प्रतिध्वनी. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर आणि कानाला दोन ध्वनी सुटे कळायला पाठ्यपुस्तकात ०.१ सेकंद धरतात, त्यावरून भिंत किमान १७ मीटर दूर हवी असं गणित येतं. खोलीतला गुंजारव त्याहून लवकर परततो आणि मूळ आवाजात मिसळून जातो, तो रिव्हर्ब. त्यावर उपाय मायक्रोफोन तोंडाजवळ आणणं आणि खोलीत पडदे, गालिचे, गाद्या ठेवणं. आवाज वाढवून उपयोग नाही, रिव्हर्बही सोबतच वाढतो.

माणसाच्या आवाजाचे गुण याहून वेगळे. 'होर्स' म्हणजे बसलेला, खरवडलेला आवाज. उच्चार घोड्यासारखाच, स्पेलिंगमध्ये मात्र 'ए' जादा. 'हस्की' खोल आणि थोडा कोरडा, बरेचदा आवडणारा. 'ग्रफ' भरड आणि तुसडा. 'श्रिल' किनरा, कानात घुसणारा. हे चारही आवाज पूर्णपणे समजू शकतात, म्हणून यांना अस्पष्टतेच्या रांगेत बसवू नये.

एका शब्दाबद्दल विशेष सावध राहा: 'क्लिप्ड'. बोलण्याला लावला तर आखूड, तुटक आणि अगदी स्वच्छ उच्चार. ध्वनिमुद्रणाला लावला तर पातळी ओलांडून लहरीचा माथा छाटला गेलेला, म्हणजे बिघडलेला. एकच शब्द, एकदा स्वच्छ आणि एकदा खराब.

काचबिंब
असे दुतोंडी शब्द फोटोतही आहेत. 'शार्प' फोटो चांगला, 'शार्प' आवाजात बोलणं म्हणजे फटकारणं, आणि गाताना 'शार्प' म्हणजे सूर चढा लागला. 'फ्लॅट' फोटोत उजेड-अंधाराचा उठाव नाही, 'फ्लॅट' आवाजात भावना नाही, गाताना 'फ्लॅट' म्हणजे सूर उतरला. 'सॉफ्ट' फोटो जरासा पुसट, पण 'सॉफ्ट-स्पोकन' माणूस अस्पष्ट बोलत नाही, मृदू बोलतो.

फोटो 'ब्लरी' आहे एवढं सांगून दुरुस्ती करता येत नाही, कारण ब्लर तीन प्रकारचा. फोटो पूर्ण मोठा करून पाहा. मागची भिंत किंवा पुढचं पान कुठेतरी खणखणीत आहे आणि चेहरा मऊ आहे, तर 'आउट ऑफ फोकस'. भिंत खणखणीत, फक्त हलणारा हात फरफटला आहे, तर 'मोशन ब्लर'. सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं आहे, दिव्यांच्याही रेघा झाल्यात, तर 'कॅमेरा शेक'. शेकसाठी जुना ठोकताळा असा: भिंगाचं नाभीय अंतर ५० मिमी असेल तर शटर १/५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नये, २०० मिमी असेल तर १/२००. मोशन ब्लरला हा नियम पुरत नाही, धावणाऱ्यासाठी १/५०० किंवा त्याहून वेगवान लागतं.

कडा जागच्या जागी आहेत, पण सगळ्यावर पांढुरका पडदा आहे, तर तो ब्लर नाही. 'हेझी' म्हणा आणि आधी भिंगावरचा बोटाचा ठसा पुसा. ठिपके-ठिपके असतील तर फिल्मवर 'ग्रेनी', डिजिटलवर 'नॉइझी'. चौकोनी ठोकळे दिसत असतील तर 'पिक्सेलेटेड'.

डोळ्यांच्या तक्रारीत 'ब्लर्ड व्हिजन' आणि 'डबल व्हिजन' यांची गल्लत करू नये. पहिल्यात कडा पुसट, दुसऱ्यात एका वस्तूच्या दोन. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबलं की नाही, हे तपासणाऱ्याला आधी हवं असतं, तेही सांगावं. हर्मन स्नेलन यांच्या १८६२ च्या तक्त्यावरची 'व्हिज्युअल अक्युइटी' म्हणजे बारीक भेद दिसण्याची क्षमता. ६/१२ म्हणजे सामान्य नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला ६ मीटरवरून दिसतं.

कुतूहल
मग 'हेझी', 'मिस्टी', 'फॉगी' हे नुसते कमी-जास्त आहेत का?

सानुनासिक
हवामानशास्त्रात नाही. 'फॉग' म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली. तेच थेंब, पण १ किलोमीटर किंवा जास्त दिसतंय, तर 'मिस्ट'. विमानतळाच्या अहवालात मिस्ट १ ते ५ किलोमीटरला धरतात. 'हेझ'मध्ये पाणी नसतं, धूळ किंवा धुराचे कोरडे कण असतात. म्हणजे फॉग-मिस्ट हा प्रमाणाचा फरक, हेझ हा पदार्थाचाच. आपल्याकडे पहिल्या दोघांना धुकं आणि विरळ धुकं, हेझला धुरकट हवा.

आठवणीला मात्र तिन्ही सारखेच चालत नाहीत. 'हेझी मेमरी' म्हणतात, 'व्हेग', 'डिम', 'फेंट'ही चालतात. 'फॉगी' असतं ते डोकं, आठवण क्वचितच. 'फेंट' आवाजाला, वासाला, रेघेला आणि उजेडाला चालतो. 'डिम' उजेडाला आणि नजरेला, आवाजाला नाही. 'डिम साउंड' इंग्रजीत कानाला खटकतं. 'डल' आवाजाला लावला तर बोथट, 'डल थड' म्हणजे जड वस्तू पडल्याचा धप्प आवाज. गढूळ पाणी 'मर्की', डोळ्यातल्या मोतीबिंदूचं भिंग 'क्लाउडी'.

मसुदेकार
चौथ्या प्रश्नाबद्दल. 'व्हेग' आणि 'अँबिग्युअस' यांना आपण दोघांनाही 'संदिग्ध' म्हणतो, पण 'व्हेग'ला 'मोघम' हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच. 'सामान लवकर पाठवू' हे मोघम, म्हणजे व्हेग: लवकर किती ते ठरलेलं नाही. 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' हे अँबिग्युअस: दुर्बीण माझ्याकडे की त्याच्याकडे, दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे स्वच्छ आहेत.

व्हेगवर उपाय आकडा घालणं: '७ दिवसांत'. अँबिग्युअसवर उपाय वाक्य फोडणं. आकडा घालून दुहेरीपण जात नाही.

कायद्यातही परिणाम वेगळे होतात. करारातल्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, असं एक जुनं तत्त्व आहे. अमेरिकेत फौजदारी कायदाच इतका मोघम असेल की सामान्य माणसाला काय निषिद्ध आहे ते कळू नये, तर व्हेग म्हणून न्यायालय तो रद्द ठरवू शकतं.

'इक्विव्होकल' तिसरा. मुद्दाम दोन्ही दरडींवर पाय ठेवून दिलेलं उत्तर. 'ही गेव्ह अॅन अँबिग्युअस आन्सर' यात आरोप असेलच असं नाही, 'इक्विव्होकेटेड' म्हटलं की आरोप आहे.

शब्दवेधी
'ट्रान्स्पेरंट' राहिला. काचेला सोपं आहे: आरपार दिसतं ते ट्रान्स्पेरंट, उजेड येतो पण आकृती दिसत नाही ते 'ट्रान्सल्यूसंट' (दुधी काच), उजेडच येत नाही ते 'ओपेक'. कारभार 'ट्रान्स्पेरंट' म्हणजे सगळं दिसतं. पण संगणकाच्या लिखाणात 'द चेंज इज ट्रान्स्पेरंट टु द यूजर' याचा अर्थ वापरणाऱ्याला बदल जाणवतच नाही. तिथे 'पारदर्शक' लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो. 'वापरणाऱ्याला फरक पडणार नाही' असं लिहा. 'क्लिअर व्हार्निश'सुद्धा 'स्वच्छ' नाही, 'बिनरंगी'.

तशीच एक जोडी 'व्हिजिबली' आणि 'व्हिज्युअली'. 'व्हिजिबली अपसेट' म्हणजे चेहऱ्यावर दिसेल इतकं अस्वस्थ. 'व्हिज्युअली इम्पेअर्ड' म्हणजे दृष्टी अधू. आणि 'ऑरल' दोन आहेत: 'ओ'ने लिहिला तर तोंडाचा, 'एयू'ने लिहिला तर कानाचा. बरेच लोक दोन्हींचा उच्चार सारखाच करतात, म्हणून बोलताना 'स्पोकन टेस्ट' किंवा 'लिसनिंग टेस्ट' म्हणावं.

खिळाजुळारी
स्पेलिंगचं थोडक्यात. नकाराचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: 'एल'पुढे 'इल' होतो म्हणून 'इलेजिबल'मध्ये दोन 'एल', 'पी'पुढे 'इम' होतो म्हणून 'इम्पर्सेप्टिबल'. स्वरापुढे तसाच राहतो, 'इनऑडिबल'. 'इन्टेलिजिबल'ची सुरुवातच 'इन'ने होते, त्याला 'अन' लागतो. ऑडिबल, व्हिजिबल, लेजिबल, इन्टेलिजिबल या चौघांच्या शेवटी 'आय-बी-एल-ई', 'रीडेबल'ला मात्र 'ए'.

कुतूहल
शेवटचं एक. बैठकीत समोरच्याचं कळलं नाही तर दर वेळी 'सॉरी?' म्हटलं जातं. याऐवजी काय?

पडजीभ
वरचे चार प्रश्नच वाक्यात घाला. आवाज कमी असेल तर 'कुड यू स्पीक अप?' इथे 'स्पीक आउट' नको, त्याचा अर्थ उघड मत मांडणं. आवाज येतोय पण शब्द फुटत नाहीत तर 'आय कान्ट मेक आउट व्हॉट यू आर सेइंग'. नेटमुळे तुकडे पडत असतील तर 'यू आर ब्रेकिंग अप', म्हणजे समोरच्याला कळतं की दोष त्याच्या उच्चाराचा नाही. शब्द कळले, मुद्दा नाही, तर 'आय डोन्ट क्वाइट फॉलो'. दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही समोर ठेवा, 'डू यू मीन धिस ऑर दॅट?'

एकच शब्द निसटला असेल तर पूर्ण वाक्य पुन्हा मागू नका. ऐकलेलं परत म्हणा आणि गाळलेल्या जागी थांबा: 'द मीटिंग इज अॅट…?' समोरचा तेवढाच शब्द सावकाश देतो. आकड्यांत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' नेहमी घसरतात, कारण शेवटचा 'न' बारीक असतो आणि आघाताचा भेद वाक्यात बुजतो. तिथे 'वन फाइव्ह की फाइव्ह झिरो' असं अंक सुटे करूनच विचारा.